विद्वत्परिषदा आणि राष्ट्रांच्या सीमा

नहेम्याच्या ग्रंथाचा दुसरा अध्याय वाचताना आमच्या विद्यार्थ्यांचे एका तपशिलाकडे बहुधा लक्ष जात नाही. यरुशलेमेला जाण्याची अनुज्ञा राजाने दिली, तरी नहेम्या तेवढ्यावर संतुष्ट होत नाही. महानदापलीकडील सुभेदारांनी आपल्याला वाटेत अडवू नये म्हणून त्यांच्या नावाची पत्रे तो मागून घेतो. तो राजाचा प्यालेबरदार होता, दरबारातला विश्वासू माणूस होता. तरीही वाटेवरच्या अधिकाऱ्याला त्याचे नाव नव्हे, तर हातातला कागद दिसणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

जगाचा हा व्यवहार आजही फारसा बदललेला नाही. जाणाऱ्याची इच्छा, बोलावणाऱ्याचे आमंत्रण आणि मधल्या सुभेदाराची संमती या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणजेच प्रवास घडतो. विद्वानांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा या नियमाला अपवाद नाहीत. परिषदेला गेलेले लोक काय बोलले याचा वृत्तान्त छापून येतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याविषयी मात्र कोठे एक ओळही नसते. राजकीय वातावरण आणि सीमांवरील सुरक्षाव्यवस्था यांचा अशा परिषदांवर काय परिणाम होतो, तो कोणत्या मार्गाने होतो, आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांनी त्या बाबतीत काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबादची साक्ष

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी आमच्या हैदराबाद नगराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या घराघरांत अशी आठवण सांगितली जात असे की, सोलापूर आणि धाराशिव यांच्यामध्ये एके काळी खरोखरीची सीमा होती. तिच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे निजामाचा. पलीकडे नाणे निराळे आणि वाटेत करोडगिरीची नाकी. त्या काळात, १९३१ साली, मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची करणारी ‘गश्ती निशान ५३’ या नावाची आज्ञा त्या वेळी संस्थानात लागू होती. पुढे १९४१ साली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अकरावे अधिवेशनही याच नगरात झाले. राज्यकर्त्याची मर्जी आणि विद्वानांचा मेळावा यांचा संबंध आम्हां हैदराबादकरांना नवा नाही, तो असा.

अलीकडच्या काळात हे नगर परिषदांचे नगर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. २००६ साली माधापूरजवळ भव्य परिषदगृह उभे राहिले आणि २००८ च्या मार्चमध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला. २००७ च्या सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषद येथे भरली. तिच्या जेमतेम महिनाभर आधी, २५ ऑगस्ट रोजी, लुंबिनी उद्यान आणि गोकुळ चाट येथे बॉम्बस्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. परिषद रद्द झाली नाही. २००८ च्या डिसेंबरात, ३ ते ६ या तारखांना, इंटरनेटच्या कारभारासंबंधीची संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराची बैठक येथे भरावयाची होती; तिच्या आदल्या आठवड्यात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. कित्येकांनी येण्याचे रद्द केले, तरी ९४ देशांतून बाराशेहून अधिक माणसे आली. २०१० च्या ऑगस्टमध्ये जगातील गणितज्ञांची महापरिषद भारतात प्रथमच भरली, तीही येथेच. फील्ड्स पदके तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते देण्यात आली. २०१२ साली जैवविविधतेच्या कराराची अकरावी परिषद झाली.

या यादीवरून एक गोष्ट ध्यानात येते. भय आणि सुरक्षा यांचा प्रश्न खोटा नाही. ज्या नगराने स्फोट पाहिले, त्या नगरातील माणसाने सीमेवरील तपासणीला नुसता जुलूम म्हणणे शोभणार नाही. कोण येतो, कशासाठी येतो, हे पाहण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. तेव्हा तपासणी असावी की नसावी, हा वाद आम्हांला घालावयाचा नाही. तपासणीच्या नावाखाली नेमके काय घडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा आमचा प्रश्न आहे.

गोवर्धन मेहता यांचे प्रकरण

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण याच नगराशी निगडित आहे. रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता हे हैदराबाद विद्यापीठातील प्राध्यापक. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक. २००६ साली ते इंटरनॅशनल कौन्सिल फॉर सायन्स या जागतिक संस्थेचे अध्यक्ष होते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या निमंत्रणावरून त्यांना अमेरिकेस जावयाचे होते. त्या वेळी हैदराबादेत अमेरिकेची वकिलात नव्हती. व्हिसासाठी चेन्नईची वाट धरावी लागे. २००६ च्या फेब्रुवारीत ते तेथे मुलाखतीस गेले. त्यांचे संशोधन रासायनिक अस्त्रांच्या कामी येऊ शकेल असा संशय व्यक्त करण्यात आला, त्यांच्याकडे आणखी तपशील मागण्यात आला आणि व्हिसा मिळाला नाही. आपल्याला मिळालेली वागणूक अत्यंत अपमानास्पद होती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

आता या प्रकरणातील विसंगती पाहा. ज्या संस्थेचे ते अध्यक्ष होते, तिच्या घटनेतच असे तत्त्व होते की, वैज्ञानिकांना वंश, धर्म, नागरिकत्व वा राजकीय मत यांचा अडथळा न येता एकमेकांना भेटता यावे. हे तत्त्व जपणाऱ्या संस्थेचा अध्यक्षच दारात थांबला. वृत्तपत्रांतून गवगवा झाला, दोन्ही सरकारांत बोलणी झाली. अमेरिकेच्या दूतावासाने खेद व्यक्त केला आणि व्हिसा देऊ केला. मेहतांनी मात्र तो दौरा रद्द केला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ मार्च रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश स्वतः हैदराबादेत आले आणि येथे वकिलात उघडण्याची घोषणा त्यांनी केली. २००८ च्या ऑक्टोबरात बेगमपेठेतील पैगा राजवाड्यात ती वकिलात सुरू झाली.

या घटनेतून आम्ही दोन बोध घेतो. पहिला असा की, संशय व्यक्तीच्या चारित्र्यावरून नव्हे, तर विषयाच्या नावावरून घेतला गेला. मेहतांचे संशोधन सेंद्रिय रसायनशास्त्रातील. निसर्गातील गुंतागुंतीचे रेणू प्रयोगशाळेत घडविण्याचे. परंतु अधिकाऱ्यासमोर संवेदनशील विषयांची यादी असते आणि त्या यादीत शब्द असतात, माणसे नसतात. दुसरा बोध याहून महत्त्वाचा आहे. मेहतांना दिलगिरीचे शब्द ऐकावयास मिळाले, कारण ते मेहता होते. त्याच खिडकीतून त्याच आठवड्यात एखादी तरुण संशोधक रिकाम्या हातांनी परतली असेल, तर तिच्यासाठी कोणत्या दूतावासाने पत्रक काढले असते? तिने परत येऊन आपल्या मार्गदर्शकाला एवढेच सांगितले असते की, जमले नाही.

तीन दारे

परिषदेला निघालेल्या माणसाला तीन दारांतून जावे लागते. या तिन्ही दारांचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

पहिले दार स्वतःच्या देशाचे. पासपोर्ट मिळणे हा सरकारचा अनुग्रह की नागरिकाचा हक्क, हा प्रश्न आपल्या देशात बराच काळ लोंबकळत होता. १९६७ साली सतवंत सिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविले. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ च्या जानेवारीत मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हे स्वातंत्र्य काढून घेण्याची कार्यपद्धतीही न्याय्य असली पाहिजे. तरीही सरकारी विद्यापीठातील अध्यापकाला आपल्या संस्थेची अनुमती लागते. आणि यजमान परकीय संस्था प्रवासाचा वा राहण्याचा खर्च करणार असेल, तर सरकारी सेवकाला परकीय आतिथ्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

दुसरे दार वकिलातीचे. येथे पुराव्याचा भार अर्जदारावर असतो. अमेरिकेचा कायदा तर असे गृहीत धरूनच चालतो की, तात्पुरत्या भेटीसाठी अर्ज करणारा मनुष्य तेथेच राहू इच्छितो. तसे नाही हे त्याने सिद्ध करावयाचे. घर, नोकरी, कुटुंब, बँकेतील ठेव या गोष्टी पुरावा म्हणून चालतात. साहजिकच प्रौढ प्राध्यापकाला हे दार सोपे, आणि अविवाहित, अर्धवेळ नोकरीवर असलेल्या संशोधकाला अवघड. शिवाय विषय संवेदनशील ठरला की, कागद वरच्या तपासणीकडे जातो. अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना व अभ्यासकांना अशा तपासणीत सरासरी ६७ दिवस लागत असल्याचे नमूद केले. पुढच्याच वर्षी हा काळ सुमारे १५ दिवसांवर आल्याचे त्याच कार्यालयाने सांगितले. सुरक्षेला बाधा न आणता विलंब कमी करता येतो, हे यावरून सिद्ध होते. विलंब हा नेहमीच सावधगिरीचा परिणाम असतो असे नाही. पुष्कळदा तो दुर्लक्षाचाही असतो.

तिसरे दार विमानतळावरील. व्हिसा म्हणजे प्रवेश नव्हे. दारापर्यंत येण्याची ती केवळ मुभा. शेवटचा निर्णय तेथे बसलेल्या अधिकाऱ्याचा असतो, ही गोष्ट अनुभवी प्रवासीसुद्धा विसरतात. २०२२ च्या मार्चमध्ये ब्रिटनमधील मानववंशशास्त्राचे प्राध्यापक फिलिप्पो ओसेल्ला हे केरळातील मच्छीमार समाजाविषयीच्या परिषदेसाठी तिरुवनंतपुरमला उतरले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा केरळशी अभ्यासाचा संबंध होता. त्यांना विमानतळावरूनच परत पाठविण्यात आले.

दोष एकाच बाजूचा नाही

ओसेल्ला यांचे उदाहरण आम्ही हेतुपुरस्सर घेतले. मेहतांचे प्रकरण सांगताना आपल्याला सात्त्विक संताप येतो. १९९८ च्या मे महिन्यातील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम यांना स्फटिकशास्त्राच्या सभेसाठी अमेरिकेने व्हिसा दिला नाही. ते आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे उपाध्यक्ष होते. ही आठवणही आपल्याला बोचते. परंतु तीच कुसळे आपल्या डोळ्यांतही आहेत, हे मान्य करावयास हवे.

२०१८ च्या जुलैमध्ये आशियाविषयक अभ्यासकांच्या एका मोठ्या अमेरिकी संघटनेची परिषद दिल्लीत भरली. पाकिस्तानी अभ्यासकांना सहभागी करून घेऊ नये, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने फेब्रुवारीतच यजमानांना कळविले होते. ती झळ पाकिस्तानी वंशाच्या, पण अन्य देशांचे नागरिक असलेल्या अभ्यासकांनाही लागली. आशियावरील परिषद, आणि तीत आशियातील एका मोठ्या देशाचे अभ्यासक नाहीत! २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाल्यावर पाकिस्तानी नागरिकांची व्हिसासेवा स्थगित झाली आणि अटारीचे नाके बंद झाले. या निर्णयामागील वेदना आम्ही जाणतो. मात्र असे निर्णय झाल्यावर विद्वानांच्या भेटींचा मार्ग कोणता, याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तो बहुधा होत नाही.

कोणी म्हणेल, आता पडद्यावरून परिषद घेता येते, मग सीमेची अडचण कोठे उरली? २०२१ च्या १५ जानेवारीला शिक्षण मंत्रालयाने काढलेले परिपत्रक याचे उत्तर देते. देशाची सुरक्षा, सीमाप्रदेश, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख अथवा देशाचे अंतर्गत प्रश्न यांविषयीच्या ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांसाठी सार्वजनिक विद्यापीठांनी परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वसंमती घ्यावी, असे त्यात म्हटले होते. विज्ञान अकादमींनी विरोध केल्यावर पुढच्या महिन्यात ते मागे घेण्यात आले. ज्यात कोणी सीमा ओलांडत नाही, अशा सभेलाही सीमा असू शकते, हे मात्र त्यातून दिसले.

या नगरातच २०१० च्या गणित परिषदेच्या वेळी आणखी एक प्रसंग घडला. बुद्धिबळाचे जगज्जेते विश्वनाथन आनंद यांना हैदराबाद विद्यापीठ सन्माननीय पदवी देणार होते. त्यांचे वास्तव्य स्पेनमध्ये असल्याने त्यांच्या नागरिकत्वाविषयी दिल्लीत शंका निघाली आणि समारंभ अडला. त्यांच्यापाशी भारतीय पासपोर्ट होता. मंत्र्यांनी नंतर दूरध्वनीवरून दिलगिरी व्यक्त केली. आनंद यांनी ती पदवी घेतली नाही. परिषदेत मात्र ते एकाच वेळी चाळीस जणांशी बुद्धिबळ खेळले आणि एका चौदा वर्षांच्या मुलाने त्यांना बरोबरीत रोखले. शंका घेणाऱ्या फाइलीपेक्षा हा डाव लोकांच्या अधिक काळ स्मरणात राहिला.

इतिहास काय सांगतो

परिषदांवर राजकारणाची छाया पडणे ही आजची गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली स्ट्रासबुर्ग येथे गणितज्ञांची महापरिषद भरली. तीतून जर्मन गणितज्ञांना वगळण्यात आले. १९२८ साली बोलोन्या येथे ते पुन्हा आले, तोवर आठ वर्षे गेली होती. १९८२ ची महापरिषद वॉर्सा येथे व्हावयाची. १९८१ च्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेल्याने ती १९८३ पर्यंत लांबली. २०२२ ची महापरिषद सेंट पीटर्सबर्ग येथे ठरली होती. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर ती पडद्यावर घेण्यात आली आणि पारितोषिकांचा समारंभ हेलसिंकी येथे झाला.

ख्रिस्ती परिषदांच्या इतिहासातही असे प्रसंग आहेत. १९१० सालच्या एडिंबरो परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यात खरी मैत्री हवी, अशी आर्त मागणी केली. हे अझरय्या पुढे दोर्नकलचे बिशप झाले, आणि दोर्नकल हे निजामाच्याच राज्यातले गाव. त्या काळी पासपोर्टची आजच्यासारखी सर्वत्र सक्ती नव्हती. ती जगभर पसरली पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर. युद्धाचे तात्पुरते म्हणून आलेले हे साधन युद्ध संपल्यावर गेले नाही.

दुसरा प्रसंग १९३८ च्या डिसेंबरातील. आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेची सभा चीनमधील हांगचौ येथे व्हावयाची होती. जपानने चीनवर केलेल्या आक्रमणामुळे ती मद्रासजवळील तांबरम येथे आणावी लागली. विशेष हे की, तेथे चिनी प्रतिनिधीही आले आणि जपानीही. एकमेकांच्या देशांत युद्ध पेटलेले असताना ती माणसे एका आवारात राहिली, एका पंक्तीला जेवली. त्यामुळे युद्ध थांबले नाही. परंतु त्यांच्यापैकी कोणाला वगळून ती सभा भरली असती, तर तिचे शब्द पोकळ ठरले असते. सभा हलविता येते. माणसे वगळता येत नाहीत, हा तांबरमचा धडा आहे.

आमचा एक अनुभव

येथे आमचाच एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही काही सहकाऱ्यांनी हैदराबादेत ख्रिस्ती कुटुंबकायद्यावर एक छोटासा परिसंवाद योजिला होता. १८६९ चा घटस्फोटाचा कायदा आणि १८७२ चा ख्रिस्ती विवाहकायदा हे दोन्ही भारत आणि पाकिस्तान यांना एकाच इंग्रजी अमलाकडून मिळालेले. भारतात २००१ साली घटस्फोटाच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि व्यभिचाराचा आरोप केल्याशिवाय सुटकाच नाही, या जाचातून कित्येक स्त्रियांची मुक्तता झाली. सीमेपलीकडे त्याच कायद्याची वाटचाल निराळी झाली. ती जाणून घ्यावी म्हणून तेथील एका ज्येष्ठ अध्यापकांना आम्ही आमंत्रण धाडले. त्यांनी कळकळीने होकार दिला आणि आपला निबंध पाठविला.

निबंध आला, ते आले नाहीत. त्यांच्या अर्जावर होकारही मिळाला नाही आणि नकारही मिळाला नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांची बॅग भरलेली होती, असे त्यांनी नंतर लिहिले. त्यांचा निबंध आमच्या एका विद्यार्थ्याने वाचून दाखविला. वाचन चांगले झाले. मग प्रश्नांची वेळ आली. मराठवाड्यातून आलेल्या एका वृद्ध पाळकांनी विचारले की, आरोप खोटा आहे हे ठाऊक असूनही केवळ सुटका हवी म्हणून तो करावा लागतो, तेव्हा तेथील मंडळी त्या स्त्रीला पुन्हा सहभागितेत कशी घेते? निबंधात याचे उत्तर नव्हते. विद्यार्थी निबंध उलटसुलट चाळू लागला. सभा गप्प राहिली. आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. तो प्रश्न विचारणारे पाळक आता हयात नाहीत.

दोष केवळ सरकारी कचेरीला देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. आमंत्रणपत्र आम्ही सभेच्या अवघ्या सात आठवडे आधी पाठविले होते. अशा अर्जाची छाननी अनेक ठिकाणी होते, हे आम्हांला ठाऊक असावयास हवे होते. आम्ही चौकशीच केली नव्हती. आमच्या आळसाची किंमत त्या सद्गृहस्थांनी आणि त्या वृद्ध पाळकांनी मोजली.

निबंध आणि मनुष्य यांतील अंतर त्या दिवशी आम्हांला उमगले. निबंध लेखकाला जे माहीत आहे ते सांगतो. मनुष्य समोर असला म्हणजे आपल्याला जे हवे आहे तेही विचारता येते. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातील यरुशलेमेची सभा आठवावी. अंत्युखियाहून पौल व बर्णबा वाटेत अडविले गेले असते आणि त्यांचे केवळ पत्र पोहोचले असते, तर विदेश्यांविषयीचा निर्णय तोच झाला असता असे कोण सांगू शकेल? सभेत कोण नाही यावरही सभेचा निर्णय ठरतो. म्हणून व्हिसाचा नकार ही केवळ एका प्रवाशाची गैरसोय नसून त्या सभेच्या ज्ञानातील उणीव असते.

यजमानांनी काय करावे

सरकारांचे धोरण बदलणे आपल्या हाती नाही. यजमानाचे कर्तव्य मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्यासंबंधी अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो.

पहिली गोष्ट वेळेची. भारतात आंतरराष्ट्रीय परिषद भरविताना परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय संमती आणि गृह मंत्रालयाची अनुमती यांचा विचार तारीख ठरविण्याच्या आधीच करावा. परदेशी पाहुण्यांसाठी परिषदेचा स्वतंत्र व्हिसा आहे; त्याला ही कागदपत्रे जोडावी लागतात. निदान सहा महिने हाताशी असावेत. शेजारी देशांतील पाहुण्यांसाठी त्याहून अधिक.

दुसरी गोष्ट सत्याची. ‘पर्यटक म्हणून या, कोणी विचारत नाही,’ असा सल्ला आमच्या वर्तुळातही दिला जातो. तो चुकीचा आहे. पर्यटनाच्या व्हिसावर धार्मिक प्रवचन ऐकता येते, परंतु धर्मोपदेश करता येत नाही, असा नियम आहे. ईश्वरविज्ञानाच्या परिसंवादातील व्याख्यान हे अध्यापन की उपदेश, याचा निवाडा विमानतळावरचा अधिकारी करणार. आपण वाचविलेल्या श्रमांची शिक्षा पाहुण्याला व्हावी, आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याच्या नावापुढे खूण पडावी, हे यजमानधर्मात बसत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. व्हिसाचे शुल्क नकार मिळाला तरी सहसा परत मिळत नाही. तिकीट, विमा, वकिलातीच्या गावापर्यंतचा प्रवास हा सारा खर्च आधी करावा लागतो. ज्येष्ठांचा खर्च त्यांच्या संस्था उचलतात. तरुणांचा त्यांच्या खिशातून जातो. परिषदेच्या अंदाजपत्रकात नाकारल्या गेलेल्यांच्या खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. भोजनाचा एक पदार्थ कमी झाला तरी चालेल.

चौथी गोष्ट स्थळाची. सभेचे ठिकाण निवडताना सोय, हवामान आणि भाडे यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ज्यांच्याविषयी आपण बोलणार, त्यांना येथे येता येईल काय? येता येणार नसेल, तर तांबरमप्रमाणे सभा हलवावी. पडद्यावरील उपस्थिती काहीच नसण्यापेक्षा बरी, हे खरे. पण चहाच्या वेळी व्हरांड्यात होणारे संभाषण पडद्यावर होत नाही, आणि पुष्कळदा खरी परिषद तीच असते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट नोंदीची. परिषदेचा वृत्तान्त छापताना, त्यांची संमती असेल तर, न आलेल्यांची नावे आणि न येण्याचे कारण एका ओळीत तरी छापावे. त्यात तक्रारीचा सूर नको, आरोप नको. केवळ नोंद हवी. अशा नोंदी साठल्या, तरच कोणते दार कोणासाठी बंद होते याचा पुरावा पुढच्या पिढीच्या हाती येईल.

समारोप

नहेम्याला पत्रे मिळाली. तो यरुशलेमेला पोहोचला आणि तट उभा राहिला. तट बांधणाऱ्याची कथा सांगणाऱ्या त्या ग्रंथातच वेशींच्या दुरुस्तीचीही तितकीच बारकाईने नोंद आहे: कोणती वेस कोणी बांधली, कड्या आणि अडसर कोणी बसविले. ज्या नगराला तट हवा त्याला वेसही हवी. आणि वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला ती उघडता आली पाहिजे. तट कोठे असावा हे राज्यकर्ते ठरवितात. वेशीत तिष्ठणाऱ्या पाहुण्याची आठवण ठेवणे, त्याच्यासाठी वेळेवर कागद पाठविणे आणि तो न आल्यास त्याचे नाव वहीत लिहिणे, एवढे आपल्याकडे उरते.

आमच्या त्या परिसंवादाचा वृत्तान्त छापला तेव्हा आम्ही ही नोंद केली नाही. सीमेपलीकडील त्या अध्यापकांच्या निबंधाखाली फक्त ‘वाचून दाखविला’ एवढेच शब्द आहेत. तो अंक आमच्या ग्रंथालयात आहे. पुढच्या परिसंवादाचे आमंत्रण त्यांना या खेपेस आठ महिने आधी पाठवावे, असे आम्ही ठरविले आहे. दार उघडेल की नाही ते आम्हांला सांगता येत नाही, पण पत्र मात्र वेळेवर निघेल.